इंदूरमधल्या पुरुषांसाठी : लैंगिक संसर्गाची तपासणी कधी, कुठे आणि कशी करून घ्यायची

अंगावर काही दिसत नाही, लघवीला त्रास नाही, मग तपासणी कशाला, असं म्हणून बहुतेक पुरुष हा विषय बाजूला ठेवतात. पण क्लॅमिडिया हा जंतूंमुळे होणारा लैंगिक संसर्ग झालेल्या अनेक पुरुषांना कसलाच त्रास जाणवत नाही. सिफिलिसचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात त्याचा, पहिला चट्टा दुखत नाही. औषध न घेताही तो तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. माणसाला वाटतं बरं झालं, आणि रोग मात्र आत तसाच राहतो. एचआयव्ही तर कित्येक वर्षं मुकाट राहू शकतो. त्रास झाल्यावर डॉक्टरकडे जाणं हे उपचार झाले. त्रास नसताना जाणं ही तपासणी, आणि हा लेख त्या तपासणीबद्दल आहे.

मी इंदूरच्या एका लॅबमध्ये नमुने घेण्याचं काम करतो. भंवरकुआंला कोचिंगसाठी आलेली मुलं, सुपर कॉरिडॉरच्या कंपन्यांत रुजू झालेले, पीथमपूरच्या कारखान्यांत शिफ्ट करणारे, असे महाराष्ट्रातून नव्याने आलेले मराठी तरुण मला नेहमी भेटतात. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इथल्या जुन्या मराठी घरांतली मंडळीही येतात. अडचण दोघांची वेगळी असते. नव्या माणसाला कुठे जायचं ते माहीत नसतं. जुन्याला ते माहीत असतं, पण तिथे कोणी ओळखीचं भेटेल याची धास्ती असते. दोन्हींवर उपाय आहेत.

आधी ठरवा : आपल्याला गरज आहे का?

आयुष्यात एकदा तरी एचआयव्ही, हेपेटायटिस बी आणि हेपेटायटिस सी या तीन तपासण्या प्रत्येक सज्ञान पुरुषाने कराव्यात. संबंध आलेले असोत वा नसोत, कारण रक्त, सुई आणि जुन्या दवाखान्यांतली इंजेक्शनं हेही मार्ग आहेत. त्यापुढे, जोडीदार नवा असेल, एकाहून जास्त असतील, कंडोम वापरला नसेल किंवा फाटला असेल, तर सिफिलिसची तपासणी त्यात धरा.

पुरुषांचे पुरुषांशी संबंध असतील तर वर्षातून एकदा एचआयव्ही, सिफिलिस, परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया या चारही तपासण्या कराव्यात, आणि जोडीदार बदलत असतील तर दर तीन ते सहा महिन्यांनी, असं अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते. ज्यांचे संबंध फक्त स्त्रियांशी आहेत आणि त्रास काही नाही, अशा सगळ्याच पुरुषांना क्लॅमिडियासाठी सरसकट तपासावं की नाही, यावर ठोस पुरावा अजून नाही. तिथे डॉक्टरांशी बोलून ठरवा. एचआयव्ही आणि सिफिलिस मात्र टाळू नका. सरकारी ठिकाणी दोन्ही मोफत होतात.

आणखी एक गट आहे, ज्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही : ज्यांची बायको गरोदर आहे असे नवरे. गरोदर बाईची नाव नोंदवल्यावर एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी होते. नवऱ्याची सहसा होत नाही. तिला सिफिलिस निघाला तर तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळतं. पण नवऱ्याने उपचार घेतले नाहीत तर तो तिला पुन्हा तोच रोग देतो, आणि तोही ऐन गरोदरपणात. उपचार न झालेल्या सिफिलिसमुळे गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटात दगावू शकतं किंवा रोग घेऊन जन्माला येऊ शकतं. बायकोला सोनोग्राफीला घेऊन जाता त्याच दिवशी स्वतःचंही रक्त द्या. दोघांनी एकत्र तपासून घेतलं की कोणावर संशय घेतल्यासारखंही वाटत नाही. त्या महिन्यांत घरातल्या माणसाकडून काळजीच अपेक्षित असते, आणि ही तीच काळजी आहे.

मग तारीख बघा

सर्वात जास्त फसगत इथे होते. संबंधानंतर चौथ्या दिवशी एचआयव्हीची चाचणी करून ‘निगेटिव्ह आला, सुटलो’ म्हणणारी मुलं मी पाहतो. त्या रिपोर्टला अर्थ नसतो. शरीरात संसर्ग शिरल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जावा लागतो.

एचआयव्हीसाठी शिरेतून रक्त घेऊन केलेली चौथ्या पिढीची लॅब चाचणी साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते. बोटाला टोचून केलेल्या अँटिबॉडीच्या (संसर्गाविरुद्ध शरीर तयार करतं त्या प्रथिनांच्या) रॅपिड चाचणीला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. सिफिलिसचा चट्टा संबंधानंतर १० ते ९० दिवसांत कधीही उठतो, सरासरी २१ दिवसांनी, आणि रक्तात तो त्यानंतर दिसू लागतो. परमा आणि क्लॅमिडियाची लघवीची चाचणी दोन आठवड्यांनी करावी. हेपेटायटिस सीच्या अँटिबॉडीला आठ ते अकरा आठवडे लागतात.

म्हणून मी सोपा हिशेब सांगतो. काही धोका घडला असं वाटत असेल तर आत्ता एकदा तपासा, म्हणजे आधीपासून काही होतं का ते कळेल. सहा आठवड्यांनी दुसऱ्यांदा आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर तिसऱ्यांदा करा. तिसरा रिपोर्ट येईपर्यंत कंडोम सोडू नका, आणि रक्तदान तर करूच नका. रक्तपेढीत तपासणी फुकट होते म्हणून काही जण तिथे जातात. त्यामुळे दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो.

एक अपवाद घाईचा आहे. काल-परवाच धोका घडला असेल, विशेषतः जोडीदाराला एचआयव्ही असल्याचं माहीत असेल किंवा जबरदस्ती झाली असेल, तर वाट बघायची नाही. एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची पीईपी ही औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. रात्र असली तरी मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा आणि ‘पीईपी’ हाच शब्द वापरून विचारा.

कुठे जायचं

इंदूरमध्ये पहिलं नाव एमवायचं, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयाचं. एमजीएम मेडिकल कॉलेजचं हे रुग्णालय कुठल्याही रिक्षावाल्याला नुसतं ‘एमवाय’ म्हटलं की कळतं. सकाळी लवकर जा, ओळखपत्र बरोबर ठेवा. पर्चीच्या खिडकीवर रोगाचं नाव सांगायची गरज नाही. हिंदीत एवढंच म्हणा : ‘चर्म रोग की पर्ची बना दीजिए.’ लैंगिक संसर्गाचा विषय आपल्या देशात त्वचाविभागाकडेच असतो, त्वचा, रतिरोग आणि कुष्ठरोग यांचा मिळून तो एकच विभाग आहे. त्या रांगेत नायट्यापासून पुरळापर्यंत सगळे रुग्ण बसलेले असतात. तुम्ही कशासाठी आलात ते शेजारच्याला कळायचं कारण नाही.

दोन नावं लक्षात ठेवा. एक सुरक्षा क्लिनिक. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यक्रमात मेडिकल कॉलेजं आणि जिल्हा रुग्णालयांत लैंगिक संसर्गासाठी चालणारे हे दवाखाने, तिथे सल्ला आणि औषध मोफत. दुसरं आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि एचआयव्ही चाचणीचं केंद्र. तिथे आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात, मग रक्त घेतात, आणि रिपोर्टही समोर बसवून समजावून देतात. आपल्या घराजवळचं केंद्र कोणतं हे १०९७ या नॅकोच्या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं.

ओळखीचं भेटण्याची भीती खरी आहे. इंदूरच्या मराठी मंडळींत कोणी ना कोणी कोणाचा तरी मावसभाऊ निघतोच. पण २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, आणि या कारणावरून नोकरीत, शिक्षणात किंवा उपचारात भेदभाव करता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते. तरीही मन घेत नसेल तर शहराच्या दुसऱ्या टोकाला जा. राजेंद्र नगरात राहत असाल तर विजय नगरला जा. त्यात गैर काही नाही.

खाजगी लॅबमध्ये जाणार असाल तर घरगुती व्यवस्थेचा विचार आधी करा. घरी येऊन रक्त नेण्याची सोय सुटसुटीत वाटते, पण दार आई उघडते आणि कलेक्शनवाला दादा दारातच चाचण्यांची यादी वाचून दाखवतो. रिपोर्ट ज्या मोबाइलवर जाणार तो नंबर तुमचाच आहे ना, हे बिल होतानाच पाहा. पुष्कळ घरांत लॅबच्या खात्यावर वडिलांचा नंबर वर्षानुवर्षं नोंदलेला असतो. रिपोर्ट थेट तिकडे गेला की जो गोंधळ होतो तो निस्तरायला फार जड जातं.

डॉक्टरांना काय सांगायचं

खरं ते सगळं. तुम्हाला विचारतील : संबंध कोणाशी, बाईशी, पुरुषाशी की तृतीयपंथीयाशी, किंवा सगळ्यांशी? पुढून, मागून की तोंडाने? शेवटचा कधी? कंडोम होता का? हे प्रश्न चौकशीखातर नाहीत. कुठला नमुना घ्यायचा ते या उत्तरांवर ठरतं. मागून किंवा तोंडाने संबंध आले असतील तर परमा आणि क्लॅमिडिया गुदद्वारात किंवा घशात असू शकतो, आणि लघवीची चाचणी तेव्हा साफ निगेटिव्ह येऊ शकते. त्यासाठी त्या जागेचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, लागतो. तुम्ही लपवलंत तर तपासणी होऊनही रोग राहतो. सज्ञान माणसांनी संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्यातून वगळले आहेत, तेव्हा कायद्याच्या भीतीने गप्प बसू नका.

कपडे काढून तपासणी होईल याची तयारी ठेवा. डॉक्टर शिश्नाची कातडी मागे सारून बघतील, जांघेत अवधाण आलंय का ते चाचपतील, तळहात-तळपाय पाहतील, कारण सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यातलं पुरळ तिथे उठतं. मेडिकल कॉलेजात शिकाऊ डॉक्टरही हजर असतात. अवघड वाटत असेल तर ‘थोडा एकांत मिलेगा क्या’ किंवा पुरुष डॉक्टर हवेत असं सांगता येतं. मागच्या महिन्यात कोणतंही अँटिबायोटिक घेतलं असेल, अगदी दाढेसाठी का होईना, तेही सांगा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तीही.

नमुना देताना

उपाशी राहायची गरज नाही. रक्ताच्या चाचण्यांत तुमचं काम हात पुढे करण्याइतकंच. लघवीच्या नमुन्यात मात्र चूक होते, आणि मी ती रोज पाहतो.

नेहमीच्या लघवी तपासणीला आपण सुरुवातीची धार सोडतो आणि मधली भरतो. परमा आणि क्लॅमिडियाच्या चाचणीला बरोबर उलटं हवं. जंतू मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटलेले असतात आणि पहिली धार त्यांना धुऊन बाहेर आणते. म्हणून नमुना देण्याआधी किमान एक तास, जमलं तर दोन, लघवी करू नका. जागा साबणाने धुऊ नका, पुसूही नका. मग अगदी पहिला थेंब पडल्यापासून भरायला लागा. २० ते ३० मिलिलिटर पुरे. बाटलीच्या रेघा बघा आणि तिथे थांबा, उरलेली बाहेर करा. बाटली काठोकाठ भरून देणारा माणूस प्रामाणिकच असतो, पण एवढ्या लघवीत जंतू विरळ होतात आणि असलेला रोग नसल्यासारखा दिसू शकतो. काउंटरवरच्या मुलाने ‘मिड स्ट्रीम’ सांगितलं तर पर्ची दाखवून त्याला विचारा की ही नॅट, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी, चाचणी आहे ना. आमच्याकडचीही माणसं कधी सवयीने चुकीचं बोलून जातात.

जे घेऊ नये

‘फुल एसटीडी पॅकेज’ नावाखाली पंचवीस नावांची यादी देऊन हजारांत पैसे घेणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच चाचण्या त्रास नसलेल्या पुरुषाला लागत नाहीत. नागिणीसारखे फोड आणणाऱ्या हर्पिसची रक्तचाचणी फोड नसताना करू नये. त्यातली आयजीएम नावाची चाचणी तर दिशाभूल करणारी असते, नसलेलं संकट रिपोर्टवर उभं करते. युरियाप्लाझ्मा नावाचा जंतू अनेक निरोगी पुरुषांतही सापडतो, त्यामुळे तो शोधत बसण्यात अर्थ नाही. एचपीव्हीची, म्हणजे लैंगिक मस उठवणाऱ्या विषाणूची, मान्यताप्राप्त तपासणी पुरुषांसाठी नाहीच. मस दिसले तर डॉक्टर डोळ्यांनी पाहून सांगतात.

आणि भिंतींवर, रेल्वेच्या कडेने ‘गुप्तरोग’ रंगवलेल्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका, मी हात जोडून सांगतो. तिथे ‘धातू जाते’ म्हणून घाबरवतात आणि महिन्यांचे काढे गळ्यात मारतात. तोवर सिफिलिस पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. मेडिकलवाल्या भाऊंना विचारून गोळ्या घेणंही तितकंच वाईट. परम्याचे जंतू एकेका औषधाला दाद देईनासे झाले आहेत. अर्धवट औषधाने पू थांबतो, जंतू राहतात, आणि पुढच्या माणसाला ते जास्त कणखर होऊन भेटतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

एचआयव्हीला पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली म्हणजे निदान झालं असं नाही. सरकारी पद्धतीत वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन चाचण्या लावून मगच पॉझिटिव्ह म्हणतात. खाजगी लॅबचा एकच रिॲक्टिव्ह रिपोर्ट घेऊन रात्रभर तळमळू नका. सकाळी आयसीटीसीत जा. निदान पक्कं झालं तरी उपचार आहेत. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, औषधं एमवायच्या एआरटी केंद्रात मोफत मिळतात, आणि २०१७ पासून सीडी-४ चा (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा) आकडा कितीही असो, निदान झाल्याबरोबर ती सुरू करतात. औषधं नेमाने घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली ठेवला तर जोडीदाराला संबंधांतून एचआयव्ही जात नाही. हे सिद्ध झालेलं आहे. लग्न, मुलं, संसार, सगळं शक्य आहे.

सिफिलिसच्या रिपोर्टवर दोन प्रकारची नावं असतात. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही मोजमापाची चाचणी, तिचा आकडा १:८, १:३२ असा लिहितात. ती कधी हिवताप, डेंग्यू किंवा सांध्यांच्या काही आजारांतही खोटी पॉझिटिव्ह येते, म्हणून टीपीएचएसारखी दुसरी चाचणी जोडीला लागते. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह आली की बरं झाल्यावरही सहसा जन्मभर तशीच राहते. त्यामुळे जुना, बरा झालेला माणूस तिच्याकडे बघून पुन्हा पुन्हा इंजेक्शनं घेत बसतो. बरं झालं का ते आरपीआरच्या आकड्यावरून ठरतं.

हेपेटायटिस बी निगेटिव्ह असेल आणि लस घेतलेली नसेल तर ती आताच घ्या, आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस. पॉझिटिव्ह असेल किंवा सी निघाला तर राष्ट्रीय व्हायरल हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात उपचार मोफत आहेत. सीची औषधं काही आठवड्यांचीच असतात आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

उपचार आणि जोडीदार

सुरक्षा क्लिनिकमध्ये औषधं रंगीत डब्यांत येतात. लघवीतून पू जाण्यासाठी करडी किट, हर्पिसच्या नसलेल्या चट्ट्यासाठी पांढरी, हर्पिसच्या फोडांसाठी लाल. सुरुवातीच्या सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एक इंजेक्शन असतं, फार जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. ते कुल्ल्यात देतात आणि चांगलंच दुखतं. त्या रात्री ताप, थंडी, अंगदुखी आली तर घाबरून कॅज्युअल्टीत पळू नका. मेलेल्या जंतूंमुळे असं होतं, दिवसभरात उतरतं. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर मात्र तडक जा, ती ॲलर्जी असते.

परमा किंवा क्लॅमिडियाचं औषध घेतल्यावर सात दिवस संबंध ठेवू नका, आणि जोडीदाराचं औषध पूर्ण होईपर्यंतही नाही. मागच्या दोन महिन्यांतल्या प्रत्येक जोडीदाराला कळवावं लागतं, सिफिलिसचा ताजा चट्टा असेल तर मागच्या तीन महिन्यांतल्या. हे सांगणं सगळ्यात कठीण, म्हणून शब्द आधी ठरवून जा. ‘माझी तपासणी झाली, एक संसर्ग निघाला. औषधाने बरा होतो. तूही तपासून घे, हवं तर मी बरोबर येतो.’ एवढं पुरतं. कोणाकडून कोणाला, हा वाद त्या दिवशी काढू नका. लक्षणं नसताना रोग किती जुना आहे हे बहुधा डॉक्टरलाही सांगता येत नाही. बायकोला सांगायला जीभ रेटत नसेल तर समुपदेशकांना सांगा, ते दोघांना एकत्र बसवून बोलतात.

परमा-क्लॅमिडियाची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करा, कारण पुन्हा लागण होणारे बरेच असतात. क्लॅमिडियाची चाचणी औषधानंतर चार आठवड्यांच्या आत करू नका, मेलेल्या जंतूंचे अवशेषही पॉझिटिव्ह दाखवतात. सिफिलिसला डॉक्टर सांगतील तसं तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आरपीआर करा. आकडा चौपट खाली यायला हवा, म्हणजे १:३२ होता तर १:८ किंवा त्याहून कमी. ही तुलना एकाच प्रकारच्या चाचणीत आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. मधेच पुण्याला बदली झाली किंवा कोर्स संपवून गावी परतलात, तर इंदूरचा पहिला रिपोर्ट आणि इंजेक्शन दिल्याच्या तारखेची पर्ची बरोबर न्या. तिथल्या डॉक्टरांना आकडा कुठून कुठे उतरला ते त्यावरूनच कळेल, आणि तुम्हाला विनाकारण पुन्हा इंजेक्शन घ्यावं लागणार नाही.